टेडीचा पहिला पाऊस हर्शेत नाही, कॅम्लूप्समध्ये पडला

डिसेंबर उजाडला की एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. आइस हॉकीचा सामना चालू असतो, गोल होतो आणि पुढच्याच क्षणी चहूबाजूंनी हजारो टेडी बेअर बर्फावर येऊन पडतात. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: "कॅनडातल्या शाळकरी मुलांच्या सामन्यातली शंभर वर्षांची परंपरा. हर्शे बेअर्स या टीमने ती सुरू केली. छोट्या गावातल्या या टीमला जग फक्त टेडींमुळे ओळखतं. टेडी फेकले म्हणून रेफ्री टीमला दंड करतो, तरी लोक ऐकत नाहीत. ओली झालेली खेळणी शेवटी कचऱ्यात जातात."

व्हिडिओ बहुतेक वेळा खरा असतो. मजकुराची गत मात्र वेगळी आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

"शंभर वर्षांची परंपरा, हर्शे बेअर्सने सुरू केलेली"

ज्याला 'टेडी बेअर टॉस' (टॉस म्हणजे इथे फेकणं) म्हणतात त्याची तारीख माहीत आहे: ५ डिसेंबर १९९३. ठिकाण कॅम्लूप्स, ब्रिटिश कोलंबिया. उत्तर आणि दक्षिण थॉम्पसन नद्यांच्या संगमावरचं हे शहर. टीम कॅम्लूप्स ब्लेझर्स, म्हणजे वेस्टर्न हॉकी लीगमधली ज्युनिअर टीम. कल्पना डॉन लार्सन यांची, आणि ते टीमचं मार्केटिंग पाहत असत. नाताळात गरजू मुलांसाठी खेळणी गोळा करायची, पण दाराशी खोकं ठेवून नव्हे. आपल्या टीमचा पहिला गोल झाला की ती सरळ बर्फावर फेकायची, एवढाच बेत. तो गोल केला ब्रॅड लुकोविच या १७ वर्षांच्या बचावपटूने. त्या दिवशी २,४०० च्या वर खेळणी जमली. लुकोविच पुढे १९९९ मध्ये डॅलस स्टार्स आणि २००४ मध्ये टॅम्पा बे लाइटनिंगकडून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा चषक, जिंकला, तरी त्याचं नाव निघालं की लोक आजही त्या गोलबद्दलच विचारतात.

'परंपरा' म्हटलं की आपल्याला तिचा उगम धूसर आणि पुरातन हवा असतो. इथे तो एका मार्केटिंगवाल्याच्या टेबलावर आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगली कल्पना कुठल्या खात्यातून आली याने खेळणी मिळालेल्या मुलाला काय फरक पडतो?

हर्शे बेअर्स ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची टीम. ती कॅनडातली नाही आणि ज्युनिअरही नाही. अमेरिकन हॉकी लीगमधली, पगारी प्रौढ खेळाडूंची आहे. तिचा टॉस २००१ मध्ये सुरू झाला. गोंधळ होण्याची कारणं दोन. एक, नावातच अस्वल आहे, त्यामुळे 'बेअर्सनीच टेडी काढले असणार' हे पटकन पटतं. दुसरं, आकड्यांचे विक्रम आज तिच्याकडे आहेत: जानेवारी २०२४ मध्ये ७४,५९९ आणि जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३. तिथल्या जायंट सेंटरमध्ये माणसं बसतात साधारण साडेदहा हजार. म्हणजे माणशी दहाच्या आसपास खेळणी पडली. घरून एकेक टेडी आणून ही संख्या गाठता येत नाही. लोक पोती भरभरून आणतात. तेव्हा विक्रमांच्या याद्या शेजारीशेजारी ठेवताना सभागृह केवढं आणि माणशी खेळणी किती, हे पाहिल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

कॅम्लूप्स आणि हर्शे यांच्यामधला दुवा कॅलगरी हिटमेन. ही मात्र ज्युनिअर टीम. नव्वदच्या दशकात केबलवर कुस्ती पाहणाऱ्यांना ब्रेट 'हिटमॅन' हार्ट आठवत असेल. तो या टीमच्या संस्थापक मालकांपैकी एक, आणि नाव त्याच्यावरूनच. १९९५ पासून हिटमेननी टॉस उचलून धरला आणि सॅडलडोमसारख्या १९ हजारांच्या सभागृहात तो राक्षसी आकाराचा केला: २००७ मध्ये २६,९१९, २०१५ मध्ये २८,८१५, २०१८ मध्ये २९,६३५. कॅम्लूप्सचं सभागृह आहे साडेपाच हजारांच्या आतलं. शोध लावणाऱ्याचं नाव मागे का पडलं, ते इथेच कळतं.

"शाळकरी मुलांचा सामना"

नाही. कॅनडात 'मेजर ज्युनिअर' म्हणजे १६ ते २० वर्षांच्या खेळाडूंची, तिकीट लावून चालणारी लीग. अशा तीन आहेत: पश्चिमेची डब्ल्यूएचएल, ऑन्टॅरिओची ओएचएल आणि क्वेबेक व अटलांटिक किनाऱ्याची क्यूएमजेएचएल. तिघी मिळून सुमारे ६० टीम होतात. त्यातल्या काही अमेरिकेतही आहेत. शाळेशी टीमचा संबंध एवढाच की खेळाडू सकाळी शाळेत जातो आणि दुपारी सरावाला येतो. २० वर्षांचे खेळाडू एका टीमला तीनच ठेवता येतात. डब्ल्यूएचएलमध्ये २०१८-१९ पासून साखळी सामने ६८ झाले. त्याआधी ७२ होते. मॅनिटोबापासून ऑरेगनपर्यंत पसरलेल्या लीगमध्ये हा सगळा प्रवास मुख्यतः बसने, हिवाळ्यात, डोंगरातल्या घाटांतून होतो.

घरापासून लांब आलेली पोरं वसतिगृहात राहत नाहीत. गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घेतात; याला 'बिलेट' म्हणतात. पगार नाही, किरकोळ भत्ता मिळतो. पण खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाच्या पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती जमा होते. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेने या मुलांना वर्षानुवर्षं व्यावसायिक मानलं आणि कॉलेज हॉकीचं दार बंद ठेवलं. तो नियम बदलून १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडलं.

"टीमला जग फक्त टेडींमुळे ओळखतं"

या वाक्याचा राग यावा, कारण टॉस खरोखर सुरू करणारी टीम, म्हणजे कॅम्लूप्स ब्लेझर्स, ज्या हंगामात तो सुरू झाला त्याच हंगामाअखेर देशात पहिली आली होती.

क्रमाने घेऊ. कॅम्लूप्सला याआधीही एक टीम होती, चीफ्स. ती १९७७ मध्ये सिअॅटलला गेली. आजची टीम मुळात सॅस्कॅचेवानमधल्या एस्टेवनची ब्रुइन्स. ती १९७१ मध्ये न्यू वेस्टमिन्स्टरला हलली, तिथे १९७७ आणि १९७८ चा मेमोरियल कप हा ज्युनिअर हॉकीचा राष्ट्रीय चषक जिंकली, आणि १९८१ मध्ये एनएचएलच्या एडमंटन ऑइलर्सच्या मालकीने कॅम्लूप्सला आली. नाव 'ज्युनिअर ऑइलर्स', रंग निळा-नारिंगी. १९८४ मध्ये ती गावातल्या लोकांच्या संस्थेकडे गेली आणि 'ब्लेझर्स' झाली. मालक बदलले, रंग राहिले. आजच्या जर्सीवरही तोच निळा-नारिंगी आहे.

१९८४ ते १९९५ या काळात लीगचं विजेतेपद सहा वेळा: १९८४, ८६, ९०, ९२, ९४, ९५. १९८६-८७ मध्ये रॉब ब्राउनने ७६ गोल आणि १३६ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) मिळून २१२ गुण काढले. डब्ल्यूएचएलमध्ये एका हंगामात इतके गुण दुसऱ्या कुणालाही जमलेले नाहीत.

खरी कसोटी मेमोरियल कपची. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेली ही ज्युनिअर हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा. तीन लीगचे तीन विजेते आणि यजमान, अशा चार टीम. एका टीममधले खेळाडू दोन-तीन वर्षांत वयाने बाद होतात, म्हणून हा कप पुन्हापुन्हा जिंकणं फार अवघड. ब्लेझर्सनी तो चार वर्षांत तीनदा जिंकला.

१९९२ ची अंतिम लढत सिअॅटलला, सू सेंट मरी ग्रेहाउंड्सविरुद्ध. बरोबरी सुटत नव्हती. घड्याळात १४.६ सेकंद उरले असताना स्कॉट नीडरमायरच्या पासवर झॅक बॉयर एकटा पुढे निसटला आणि ५-४ झाले. नीडरमायर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे त्याने स्टॅन्ली कप चार वेळा उंचावला. १९९४ मध्ये लावालला, यजमानांनाच ५-३ ने हरवून, दुसरा कप. १९९५ मध्ये स्वतःच्या गावात, डेट्रॉइट ज्युनिअर रेड विंग्जना ८-२. तिथे सर्वोत्तम ठरला शेन डोन. शेवटच्या दोन्ही टीममध्ये जॅरोम इगिन्ला होता, २०१० च्या ऑलिंपिकमध्ये सिडनी क्रॉस्बीच्या सुवर्ण-गोलला पास देणारा तोच. डार्सी टकर आणि रायन हस्का यांच्या नावावर तिन्ही कप आहेत.

आणि हे एका प्रशिक्षकाचं श्रेय नाही. ऐंशीच्या दशकात केन हिचकॉक, १९९२ ला टॉम रेनी, पुढच्या दोन्ही वेळी डॉन हे. प्रशिक्षक बदलला तरी यंत्रणा चालू राहिली. आमच्या मते ब्लेझर्सची सर्वांत मोठी परंपरा हीच, टेडीपेक्षाही मोठी. २००७ मध्ये संस्थेने टीम टॉम गॅग्लार्डी यांच्या गटाला विकली, तेव्हा भागीदार म्हणून परत आले कोण? इगिन्ला, डोन, मार्क रेची, डॅरिल सिडोर. चौघेही इथलेच जुने खेळाडू. त्यानंतर सुवर्णकाळ परतला, असं मात्र नाही. २०२३ मध्ये यजमान म्हणून मेमोरियल कप पुन्हा गावात आला. जिंकले क्वेबेक रेम्पार्ट्स.

"टेडी फेकल्याबद्दल दंड होतो"

हे पूर्ण निराधार नाही, संदर्भ तेवढा चुकला आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडा पँथर्सच्या स्कॉट मेलनबीने ड्रेसिंग रूममध्ये स्टिकने एक उंदीर मारला आणि त्याच संध्याकाळी दोन गोल केले. झालं, पुढे प्रत्येक गोलला प्रेक्षक प्लॅस्टिकचे उंदीर फेकू लागले आणि सामने खोळंबू लागले. त्यानंतर एनएचएलने नियम कडक केला: गोलनंतर बर्फावर वस्तू पडल्या तर आधी ध्वनिक्षेपकावरून ताकीद, तरीही पडल्या तर यजमान टीमला दोन मिनिटांची 'बेंच मायनर' शिक्षा, म्हणजे तेवढा वेळ एक खेळाडू कमी. पण हॅटट्रिकसारख्या खास प्रसंगाला त्याच नियमात सूट आहे. टॉसची तारीख तर क्लब महिनोन्‌महिने आधी जाहीर करतो, ती रेफ्री आणि पाहुण्या टीमलाही ठाऊक असते. दंडाचा प्रश्नच येत नाही.

"ओली खेळणी कचऱ्यात जातात"

नियोजन नसतं तर गेली असती. म्हणून तर क्लबच्या सूचना इतक्या काटेकोर असतात: खेळणं नवं हवं, मऊ हवं, पारदर्शक पिशवीत बांधलेलं हवं, बॅटरी किंवा टणक भाग नको.

यातली प्रत्येक अट अनुभवातून आली आहे. स्केटच्या पात्याने खरवडलेला भुगा रिंकवर सतत पडलेला असतो. उघडं खेळणं त्यात लोळलं की वरचं कापड ओलं होतं, आतला कापूस पाणी धरतो आणि तसंच पोत्यात कोंबलं तर बुरशी येते. रुग्णालयं जंतुसंसर्गाच्या भीतीने जुनी किंवा ओली खेळणी घेतच नाहीत. बॅटरीचं खेळणं वरच्या मजल्यावरून खालच्या रांगेतल्या डोक्यावर बसलं तर टाके पडतील. पिशवी बर्फालाही वाचवते. २०० बाय ८५ फुटांच्या रिंकवर बर्फाचा थर असतो जेमतेम एक-सव्वा इंच. त्यात केस, चमकी किंवा सुटं बटण रुतलं की पातं अडकतं आणि खेळाडू पडतो. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या झाम्बोनी यंत्रात भुगा उचलणारे स्क्रू फिरतात, त्यांत धागे गुंडाळले गेले तर यंत्र मधेच थांबतं.

गोल झाला की आधी रेफ्री तो ग्राह्य धरतो. इथे पहिली अडचण: नंतर फेरतपासणीत गोल रद्द झाला तरी टेडी परत येत नाहीत. मग खेळाडू बाजूला होतात, झाम्बोनीचं मोठं दार उघडतं, स्वयंसेवक मोठ्या पिशव्या घेऊन आत शिरतात. बरेचदा दोन्ही टीमची पोरं ढीग ढकलायला मदत करतात. गोलपोस्टमागे पकपासून (खेळातल्या टणक चकतीपासून) संरक्षणाची जाळी असते, तिथून फेकलेलं खेळणं जाळीतच लटकतं. त्या बाजूच्या लोकांना रिंकच्या लांब बाजूला यावं लागतं किंवा खेळणी हातोहात पुढे द्यावी लागतात. रिंक रिकामा झाला की खरवडणी, कडेची पाहणी, मग झाम्बोनी. अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तोवर गोलरक्षकाचे पाय गार पडतात, म्हणून खेळ सुरू करण्याआधी थोडं स्केटिंग करू देतात. पहिल्या पिरियडच्या (सामन्याच्या तीन भागांपैकी पहिल्याच्या) शेवटी गोल झाला तर काही वेळा मध्यंतरच आधी घेतात आणि उरलेली मिनिटं नंतर खेळतात.

आणि यजमानांचा गोल झालाच नाही तर? खेळणी शेवटी किंवा मध्यंतरात फेकतात. २०१५ मध्ये हिटमेनचा गोल थेट ओव्हरटाइममध्ये झाला, जेक बीनचा. तोवर हजारो लोक मांडीवर पिशव्या घेऊन बसून होते.

जमलेली खेळणी ट्रकने गोदामात जातात, मोजली जातात, फाटकी बाजूला काढली जातात आणि नाताळच्या टोपल्या भरणाऱ्या संस्था, निवारागृहं, रुग्णालयं यांच्यात वाटली जातात. कॅलगरीत खेळाडू स्वतः अल्बर्टा चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये टेडी घेऊन जातात.

कॅनडातली मराठी मंडळी पहिल्यांदाच जाणार असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवावीत. पिशवीतली हवा दाबून काढून गाठ घट्ट मारा, नाहीतर ती फुग्यासारखी तरंगून तीन रांगांवर पडते. आणि पाहुण्यांच्या गोलला फेकू नका. दरवर्षी कोणीतरी फेकतंच.