स्लो गेम म्हणता, पण त्यात स्लो काय आहे?

राजेहो, नागपुरात आरटीएस, म्हणजे वस्ती उभारून सैन्य लढवायचे रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम, खेळणाऱ्या पोरांचा एक वाद कधीच मिटत नाही. एक बाजू म्हणते एज ऑफ एम्पायर्स २ स्लो आहे, स्टारक्राफ्ट २ फास्ट आहे. दुसरी म्हणते, स्लोमध्येच खरी स्ट्रॅटेजी. माझ्या मते दोन्ही बाजू तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतात: सुरुवात किती वेळ चालते, लढाई किती वेळ टिकते आणि चुकीची शिक्षा कधी मिळते.

एज २ चा हिशेब पाहा. सुरुवातीला ३ व्हिलेजर (कामकरी गावकरी) आणि १ स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार). टाऊन सेंटर, म्हणजे व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत, फक्त ५ जणांना पुरतं, म्हणून पहिल्या सेकंदालाच घर बांधायला घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा नवा व्हिलेजर अडकतो. एक व्हिलेजर ५० अन्नाचा, वेळ २५ सेकंद. २१ लोकसंख्येवर फ्यूडलला, म्हणजे पुढच्या युगात, जायचं तर १७ नवे व्हिलेजर आणि लूम (व्हिलेजरना चिवट करणारी सुधारणा) मिळून ४५० सेकंद, वर फ्यूडलचे १३०. गेमच्या घड्याळात ९:४०. मल्टिप्लेअर १.७ पट वेगाने चालतं, म्हणजे खरी पावणेसहा मिनिटंही नाहीत. हे सगळं टाऊन सेंटर एकदाही थांबलं नाही तर! शिकारीचं रानडुक्कर उशिरा आणलं की अन्न संपतं आणि नवा व्हिलेजर निघत नाही. १५ सेकंदांचे तीन खोळंबे झाले की जवळपास दोन व्हिलेजर गेले. त्या क्षणी काहीच बिघडलेलं दिसत नाही. बाराव्या मिनिटाला समोरच्याचे स्काउट तुमच्या लाकूडतोड्यांमध्ये शिरतात, तेव्हा कळतं. हात इथेही तेवढेच पळतात, फक्त शिक्षा उशिरा मिळते.

लढाईचा वेग मात्र खरोखर वेगळा असतो. स्टारक्राफ्ट २ मध्ये मरीन या बंदूकधारी शिपायाचा जीव ४५, एका गोळीचा मारा ६. समोरासमोर उभे केले तर पाच सेकंदांच्या आत एक पडतो. वॉरक्राफ्ट ३ मधले दोन फूटमन (तलवारवाले शिपाई) तेच करायला पन्नासेक सेकंद घेतात. तेवढ्या वेळात जखमी शिपाई मागे घेता येतो, हिरोचा मंत्र वापरता येतो, नाहीतर टाऊन पोर्टलने, म्हणजे थेट तळावर नेणाऱ्या मंत्राने, पळता येतं. मला हा वेग सगळ्यात जास्त आवडतो, कारण चूक दिसते आणि सुधारताही येते.

बुद्धिबळाचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीतले क्लासिकलचे (जास्त वेळेचे) दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) लागला. मोहरे तेच, चाली त्याच, कमी झाला तो फक्त विचाराचा वेळ. आरटीएसमध्ये स्पीड वाढवली की विचार, हात आणि लढाई, तिन्ही एकदम आवळतात. म्हणून नुसता वेग बदलून गेम सुधारत नाही.

२०१५ मध्ये लेगसी ऑफ द व्हॉइड या विस्तार-आवृत्तीने स्टारक्राफ्ट २ चे सुरुवातीचे कामगार ६ चे १२ केले. एक कामगार १२ सेकंदांचा, म्हणजे किमान ७२ सेकंदांची सुरुवात कापली गेली. कंटाळवाणा भाग गेला, हे मान्य. पण समोरचा काय बांधतोय हे पाहून आपला बेत बदलायची सवडही त्याच्यासोबत गेली, आणि ते मला आजही पटत नाही.

नव्या पोराला एज २ शिकवताना स्पीड १.० ठेवा. घड्याळ गेमची वेळ दाखवतं, त्यामुळे ९:४० चं लक्ष्य तेच राहतं. त्याला सांगा, सैन्याचं नंतर बघू, आधी टाऊन सेंटर रिकामं दिसता कामा नये. सलग तीन डावांत दहा मिनिटांच्या आत फ्यूडल गाठलं की मग १.७ वर बसवा.