महिन्याला किती उरतात, काकाजी?

सगळी बिलं भरून झाल्यावर घरात महिन्याला किती पैसे उरायला हवेत, या चिंतेने तुमची झोप उडाली असेल तर आमच्या फ्लॅट स्कीममध्ये राहायला या. इथे परवाच्या रविवारी या प्रश्नाचं उत्तर फुकटात वाटलं गेलं. टेरेसवर खुर्च्या, चहा, समोसे आणि ब्लेझर घातलेला एक पोरगा. सेक्रेटरींच्या ओळखीतला. नागपुरात, एप्रिलमध्ये, टेरेसवर ब्लेझर! एवढी तपश्चर्या करणाऱ्याचं ऐकायला नको? मी ऐकलं. आता तुम्हीही ऐका, राजेहो.

सगळ्यात आधी, आकडा लपवू नका. त्याने वाटलेल्या फॉर्मवर एक चौकोन होता: ‘सर्व बिले जाता मासिक शिल्लक’. तो चारचौघांत भरायचा. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्यात 8,000 लिहिले. मग पलीकडच्याच्या फॉर्मवर नजर टाकली, बायकोकडे पाहिलं आणि आठाच्या आधी हळूच एक घातला. एका रेघेत दहा हजारांची वाढ! इतक्या झपाट्याने पैसा कुठल्या म्युच्युअल फंडात वाढतो ते मला दाखवा.

मग पगाराचे तुकडे करा: 50-30-20. निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हा नियम 2005 च्या सुमारास अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांच्या मुलीने लोकप्रिय केला. वॉरेनबाई तेव्हा हार्वर्डला दिवाळखोरीचा कायदा शिकवायच्या, हे मात्र पोराने सांगितलं नाही. घराचा हप्ता, किराणा, गॅस, शाळा, आईची औषधं हे सगळं निम्म्या पगारात बसवायचं. बसत नसेल तर चूक पगाराची, नियमाची नाही.

शनिवारचे तर्री पोहे बंद करा. तीस वर्षांनी करोडपती व्हाल. त्याने मोबाइलवर करून दाखवलं.

फेब्रुवारीत हिशेबाला बसू नका. महिना अठ्ठावीस दिवसांचा, दुधाचं बिल कमी येतं, आणि माणूस खूश होतो. तेवढ्यात व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला जातो आणि इन्कम टॅक्सची उरलीसुरली कापणीही त्याच सुमारास उरकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर महिन्याला येत नाही ते बिलच नव्हे, असं माना. फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, “काकाजी, ते वन-टाइम आहे.” वन-टाइम! मार्च सरत नाही तोच माळ्यावरून कूलर उतरतो. खस बदला, गंजलेला ट्रे रंगवा, पंप जळालेला असतोच. पारा 45 च्या वर गेला की रात्रभर कूलर, ज्याच्याकडे असेल त्याचा एसी, आणि 300 युनिटची वेस ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटचा भाव चढतो. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, म्हणजे तो खर्च जूनअखेरीस: पुस्तकं, बूट, ठरलेल्याच दुकानातला गणवेश, व्हॅनवाल्याचा अ‍ॅडव्हान्स. मग पोळा. तान्ह्या पोळ्याला स्कीममधली झाडून सगळी पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला दारात, आणि दहाची नोट दिली तर बैलसुद्धा तोंड फिरवतो. मग दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात, प्रत्येक ठिकाणी आहेर. मधेच घरटॅक्स, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता. यातलं काय वन-टाइम आहे? दरवर्षी येतं, ठरलेल्या महिन्यात येतं, आणि दरवर्षी आपण म्हणतो, “या महिन्यात जरा जास्तच खर्च झाला बाप्पा.” जास्त कुठला? बारा महिन्यांतला कोणता महिना कमी खर्चाचा गेला ते सांगा की!

एक हिशेब करू. समजा शाळेचे 40,000, आरोग्य विम्याचे 22,000, दिवाळी-लग्नं-आहेर 30,000, घरटॅक्स आणि गाडीचे 16,000, कूलर आणि उन्हाळ्याचं वाढीव बिल 12,000. झाले 1,20,000. महिन्याला 10,000. म्हणजे बिलं जाऊन आठ हजार उरतात असं ज्याला वाटतं, त्याला खरं तर दरमहा दोन हजार कमी पडताहेत. ते क्रेडिट कार्डावर जातात. मग ‘मिनिमम ड्यू’ भरून तो निवांत झोपतो आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत राहतं.

चौकोनात अठरा लिहिणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी त्याच संध्याकाळी 12,000 रुपये महिन्याचा विम्याचा प्लॅन घेतला. बारा वर्षं भरायचा. पोरगा म्हणाला, “काकाजी, तरी सहा हजार उरतातच ना.”

आता सरळ बोलतो. शिल्लक किती, हे त्या पोराने तुमच्या काळजीने विचारलं नव्हतं. तुमच्या गळ्यात केवढा हप्ता बांधता येईल, त्याचं माप घेत होता तो. त्याचं कमिशन त्यावर आहे. त्याने त्याचं काम चोख केलं. तुम्ही काय केलं? शेजाऱ्यासमोर आकडा लहान दिसू नये म्हणून खोटं लिहिलं आणि सेक्रेटरींचा माणूस म्हणून सही ठोकली. दुसऱ्या वर्षी हप्ता झेपला नाही तर किती परत मिळतील, ते वाचलं का? विम्याचं कवच किती आहे, ते तरी? भाजी घेताना कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घासाघीस करता आणि सतरा लाखांच्या कागदावर न वाचता सही करता, काहून?

आधी वर्षाच्या खर्चाचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला काढा, वेगळ्या खात्यात. त्यानंतर उरतील ते उरलेले. त्यातून तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी गंगाजळी होईपर्यंत कुणाच्याही प्लॅनकडे बघू नका. आणि सही करून बसलाच असाल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, विमा नियामकाचाच नियम आहे. मुद्रांक शुल्क वगैरे थोडं कापतील, बाकी पैसे मिळतील. ईमेल लिहा, आजच लिहा. ‘त्यांना काय वाटेल’ हे बंद करा आता. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटू द्या, हप्ता काही त्यांच्या खात्यातून कापला जाणार नाही.