दोन मांजरांना तीन संडास

पावसाळ्यात ठाण्यात 'वास कसला येतोय' हा प्रश्न विचारायचा नसतो. आठ दिवस न वाळलेले टॉवेल, कपाटातल्या चपला, तळमजल्यावरचं गटार, समोरच्या गॅलरीतले कुणाचे तरी बोंबील. उमेदवार इतके असतात की निकाल लागेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. म्हणून जुलैत एका सकाळी नवरा नाक वर करून "काहीतरी येतंय" म्हणाला, तेव्हा मी चहा गाळत राहिले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "एसीचं पाणी मुरलं असेल." मुलाने, ओंकारने, काही न बोलता आपले मोजे धुवायला टाकले. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

उगम सापडला शनिवारी. नवऱ्याने ऑफिसची बॅग उघडली, आतली ऑडिटची फाईल बाहेर काढली आणि ती तशीच दोन बोटांत धरून उभा राहिला. फाईलच्या टोकावरून एक थेंब ओघळला, थांबला, मग फरशीवर पडला. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. त्यात एकाची भर आमच्याकडे पडली होती.

"गुंड्या!" सगळे एका सुरात ओरडले. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. गुंड्या फ्रिजवर बसला होता. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

आमच्याकडे मांजरं दोन. ठकू सात वर्षांची, करडी, पट्ट्यापट्ट्यांची, चालताना पाऊल वाजू न देणारी. पाहुणे आले की आत जाणारी आणि गेले की बाहेर येऊन त्यांच्या खुर्चीचा वास घेणारी. आईंच्या मते घरातली एकमेव संस्कारी व्यक्ती. गुंड्या पिवळा बोका. तो गेल्या वर्षी गणपतीच्या आधी स्कूटरच्या चाकापाशी भिजत ओरडत होता, तेव्हा माझ्या मुठीत मावायचा. पिवळ्या मांजरांत बोकेच जास्त असतात, साधारण पाचांत चार. त्यामुळे तो बोका निघाला याचं आश्चर्य नव्हतं. त्याला मी वर आणलं, पुसलं आणि थेट ठकूच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "घे गं, तुला भाऊ आणला."

असं करायचं नसतं, हे मला नंतर कळलं. नव्या मांजराला आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं, दोघांची अंथरुणं अदलाबदल करून एकमेकांचा वास ओळखीचा करायचा, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला घालायचं, मग फटीतून दर्शन. पूर्वी स्थळं ठरायची तसं. मी म्हणजे लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसवतात तसं बसवलं होतं. 'जरा सरकून घ्या.' ठकूने सरकून घेतलं, पण ते तिने लक्षात ठेवलं. पिल्लू होता तोवर दोघांत थंड शांतता होती. यंदा तो साडेचार किलोचा झाला आणि रस्त्यात आडवा पडायला लागला. मांजर आडवं गेलं तर अपशकुन म्हणतात. आडवं जाऊन तिथेच बसलं तर काय, यावर शास्त्र गप्प आहे.

फाईलनंतर दिवाणावरचे धुतलेले कपडे झाले. मग बाथरूमचं पायपुसणं. मग माझी योगाची चटई, जी मार्चपासून गुंडाळलेली होती, त्यामुळे तो आघात मी एकटीने सोसला. आमच्या कामाच्या मावशी काळ्या फिनेलवाल्या. "ताई, बाटली ओतू का अख्खी?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता ओतली. घराला सरकारी दवाखान्याची कळा आली. दोन दिवसांनी पाऊस वाढला, हवा दमट झाली आणि फिनेलच्या खालून तो वास पुन्हा वर आला, जास्तच ताजा होऊन.

गुंड्याला टोपलीत कोंबून रिक्षाने पाचपाखाडीतल्या डॉक्टरांकडे नेलं. तो वाटेत असा ओरडत होता की रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला विचारलं, "मॅडम, आत काय आहे नक्की?"

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो आणि काही होत नाही, असं दिसलंय?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. बोक्याची लघवी अडली तर ती सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नसते, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसं कधी वाटलं तर मध्यरात्रीही उचलून न्यायचं. मग त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. सगळं चोख. नसबंदी हिवाळ्यातच झालेली.

"भिंतीवर उभ्याने फवारा मारलेला असतो की खाली थारोळं?"

"थारोळं."

"मग ही हद्दीची खूण नाही, ही सोयीची तक्रार आहे. संडासाचे ट्रे किती आहेत?"

"एक."

"मांजरं?"

"दोन."

"मग तीन हवेत. मांजरं अधिक एक."

मी मनात हिशेब केला. घरात माणसं चार, संडास दोन, त्यातल्या एकाचा फ्लश दिवाळीपासून बादलीवर. माणसं भागिले दोन आणि मांजरं अधिक एक.

"आणि हा करतोय हे पाहिलंय ना कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाहायला कशाला हवं? तोंडावरूनच कळतं."

डॉक्टरांनी गुंड्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काळ्या फिनेलबद्दल ऐकून माझ्या तोंडाकडे. त्यातलं फिनॉल मांजरांच्या यकृताला नीट पचवता येत नाही, ते पंजांना लागतं, पंजे चाटले की पोटात जातं. ताबडतोब बंद. त्याऐवजी एन्झाइमवालं क्लीनर आणायचं. मांजराच्या लघवीतलं युरिक ॲसिड नुसत्या पाण्याने जात नाही, ओलाव्याने पुन्हा जागं होतं. आणि वास राहिला की जागा ठरलीच. 'इथे लघवी करू नये' असं भिंतीवर लिहिलेल्या जागेचं जे होतं, तेच.

जुने डाग शोधायला ओंकारने अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवला. रात्री अकरा वाजता सगळे दिवे घालवून आम्ही तिघं चोरांसारखे हॉलमध्ये फिरलो. डाग हिरवट पिवळे चमकत होते. सोफ्याच्या पायाशी, पडद्याच्या खाली, पुस्तकांच्या कपाटापाशी. एवढ्यात पॅसेजमधून एक निळीशार, पेटलेली, बुटकी आकृती हलत हलत पुढे आली आणि ओंकार किंचाळला. आई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या पातळाला टिनोपॉल घालतात आणि टिनोपॉल त्या उजेडात पेटतं. "मेल्या, आजीला भुतात काढतोस?" म्हणत त्यांनी दिवा लावला. तपास तिथे स्थगित झाला.

मग मी वाचायला बसले. मांजराचा ट्रे हा विषय इतका खोल असेल असं वाटलं नव्हतं. ही लिटरची, म्हणजे ट्रेमध्ये घालायची, माती आली कुठून? 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याने वाळूऐवजी घरच्या धंद्यातली, कारखान्यात सांडलेलं तेल शोषणारी माती दिली. फुलर्स अर्थ. म्हणजे आपली मुलतानी माती! मी चेहऱ्याला लावते ती. बाई पुन्हा पुन्हा मागायला आली आणि त्यातून केवढा धंदा उभा राहिला. हल्ली वापरतात ती बेन्टोनाईट, पाणी लागलं की तिचे गोळे वळतात. तिच्या खाणी आपल्या कच्छमध्ये आहेत. हे सगळं मी आईंना उत्साहाने सांगितलं.

"आमच्याकडे चुलीतली राख असायची," त्या म्हणाल्या. "फुकट."

आईंचा त्या मातीपेक्षा त्या झाऱ्यावर जास्त राग. गोळे उचलायचा तो चाळणीवाला चमचा हुबेहूब बुंदीच्या झाऱ्यासारखा दिसतो, त्यात माझं काय चुकलं? तरी त्यांनी स्वयंपाकघरातल्या झाऱ्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला, ओळख पटावी म्हणून.

गोळ्यांची विल्हेवाट हाही एक अध्याय आहे. नवऱ्याने एकदा शॉर्टकट म्हणून ते संडासात टाकून पाणी ओतलं. पाण्याने फुगून घट्ट व्हायचा ज्या मातीचा धर्म, ती पाइपमध्ये जाऊन काय करणार? खालच्या मजल्यावरचे काका दोन दिवस आमच्याकडे बघून हसले नाहीत आणि प्लंबरने जे बाहेर काढलं ते पाहून म्हणाला, "साहेब, सिमेंट कोणी टाकलं?" त्यानंतर कागदात गुंडाळून कचऱ्यात. पण कुठल्या? सकाळी कचरा न्यायला येणारे काका दोन डबे घेऊन दारात उभे.

"मॅडम, हे ओल्यात की सुक्यात?"

"माती आहे, सुकी."

त्यांनी पुडी हातात तोलली. "पण भिजल्येय."

"भिजून सुकल्येय."

काकांनी विचार केला. मागे लिफ्ट अडलेली, आत जोशीकाकू वाट बघतायत. शेवटी जोशीकाकूंनीच निकाल दिला, "डायपर जातं तिथे टाका हो," आणि लिफ्टचं दार ओढून घेतलं.

एवढं सगळं होऊनही तळी थांबत नव्हती. ट्रे एकाचे दोन केले. दुसरा चांगला तीन हजारांचा, वर घुमटासारखं झाकण, पुढे दरवाजा, वासाला फिल्टर. तो वॉशिंग मशीनशेजारच्या कोपऱ्यात बसवला. ठकू एकदा आत गेली, त्याच क्षणी मशीन ड्रायरवर आलं आणि ती त्या घुमटातून तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर पडली. गुंड्याला मात्र घुमट आवडला. त्याच्या समोर तो तासन्‌तास बसून असायचा. "बघ, त्याला सवय लागतेय," मी कौतुकाने म्हणायचे.

उलगडा झाला तो आईंमुळे, आणि भर दुपारी, कारण दुपारी घरात त्या एकट्याच असतात. मी कामावरून आले, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. त्या सोफ्यावर सरसावून बसलेल्या.

"अगं, तो करत नाही. ती करते."

"कोण, ठकू?" माझा विश्वास बसेना.

"करेल नाही तर काय करेल? तो मेला दारात बसतो! ती आत गेली की हा बाहेर दबा धरून. बाहेर यायला वाट एकच. आली की झडप. दोनदा बघितलं मी आज. तिसऱ्यांदा ती गेली संडासापाशी, त्याला बघितलं, मागे वळली आणि तुझ्या पिशवीत बसली."

माझी पिशवी. मी खाली पाहिलं.

"आम्ही खारकर आळीत होतो ना," आई सांगायला लागल्या, "आठ बिऱ्हाडं, दोन संडास, अंगणाच्या पलीकडे. कोपऱ्यावरचा एक सुताराचा पोर होता, संडासाच्या वाटेत चौथऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हसायचा. बायका उन्हं कलेपर्यंत जायच्या नाहीत, पोटात कळा आल्या तरी. मग माझ्या सासूबाईंनी एक दिवस बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. तुमचे डॉक्टर म्हणतात ते सगळं खरं असेल, पण संडासाच्या वाटेत कोणी बसायचं नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं."

डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी अगदी हेच सांगितलं, फक्त सुताराचा पोर वगळून. घुमट काढा. चारही बाजूंनी दिसलं पाहिजे, पळायला दोन वाटा पाहिजेत. ट्रे एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवलेत तर तीन असून एकच, कारण एकाने बसून तिन्ही राखता येतात. जेवणापासून दूर, मशीनपासून दूर. आणि ओरडायचं, मारायचं अजिबात नाही. पाणी तर ओतायचंच नाही, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

जांभळी नाक्यावरून कपडे भिजवायचे दोन मोठे चौकोनी टब आणले, दोनशे वीस रुपयांना एक. पट्टा लावून मोजले, कारण ट्रे मांजराच्या दीडपट लांब हवा आणि गुंड्याची लांबी मोजणं हा प्रकार वेगळ्या लेखाचा विषय आहे. एक टब हॉलच्या खिडकीखाली. दुसरा आमच्या बेडरूममध्ये, नवऱ्याच्या बाजूला, ज्यावर त्याने दोन दिवस मौन पाळलं. तिसरा, जुना ट्रे, आईंच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये. तीन हजारांच्या घुमटात सध्या कांदे-बटाटे आहेत. फिल्टरमुळे वास येत नाही.

नणंद घोडबंदरहून आली, दारातच थबकली. "वहिनी, हॉलमध्ये हे काय?"

"संडास," आई अभिमानाने म्हणाल्या. "बस ना."

ठकू आता टबात जाते. चारही दिशांना बघते, उकरते, पुन्हा बघते, सगळं रीतसर. अंग चोरणं कमी झालंय. गुंड्या दिवसा सोडून देतो, त्याला दिवसा झोपायचं असतं. प्रश्न उरलाय रात्रीचा. पहाटेच्या सुमारास त्याच्या अंगात येतं आणि तो पॅसेजच्या तोंडाशी येऊन बसतो.

परवा पहाटे तीनला मला जाग आली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी संडासाला जायला उठले तर पॅसेजमध्ये उजेड. आई एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात काठी आडवी करून उभ्या. काठीच्या अलीकडे गुंड्या, शेपटी आपटत. पलीकडे ट्रेमध्ये ठकू.

"जा तू, बाई. मी उभी आहे," आई तिला सांगत होत्या. मग त्यांना माझी चाहूल लागली. मान न वळवता म्हणाल्या, "थांब जरा. तिचं होऊ दे."

मी गुंड्याच्या मागे उभी राहिले.