हौशी ड्रोनची नोंदणी: एका सविस्तर प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्यांनीही सरकारदरबारी नोंदणी करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मुद्देसूद आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरोबर नव्हतं, म्हणून सवडीने उत्तर देतो आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला वाकडंच वागायचं आहे तो नोंदणी करणारच नाही, म्हणजे भुर्दंड फक्त सरळ माणसाला, रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणारे कित्येक दशकं नोंदणीविना सुखाने उडवत आले, नोंदणी कुठल्या वजनापासून लागते याची २५० ग्रॅमची रेषा कुणीतरी मनाला येईल तशी मारली आहे, नावांची यादी एकदा सरकारकडे गेली की पाळत सुरू होते, अमेरिकेत तर न्यायालयानेच नोंदणी मोडीत काढली होती, आणि या कटकटींमुळे मुलं या छंदाकडे फिरकणारच नाहीत. शिवाय तुम्ही विचारलंत, ‘गॅटविकला नोंदणीने काय साधलं असतं?’

काहीही साधलं नसतं. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचा तो विमानतळ ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे बंद ठेवावा लागला, सुमारे १,००० उड्डाणांना आणि सुमारे १ लाख ४० हजार प्रवाशांना त्याचा फटका बसला. ना ड्रोन हाती लागला, ना उडवणारा. ज्या जोडप्याला पकडलं त्यांचा काही संबंध नव्हता, त्यांना सोडून द्यावं लागलं. खाली काही पडलंच नाही तर क्रमांक वाचायचा कशावरून? म्हणूनच माझ्या लेखात गॅटविकचा उल्लेख नव्हता. एक मात्र सांगायला हवं. ब्रिटनचा नोंदणीचा नियम त्या घटनेच्या धसक्याने आला, असं तुम्ही लिहिलं आहे. तो कायदा मे २०१८ मध्येच झाला होता, गॅटविकच्या सात महिने आधी. प्रत्यक्ष अंमल ३० नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झाला.

मी नोंदणीच्या बाजूने आहे तो वेगळ्याच दोन घटनांमुळे. २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर एक हौशी ड्रोन आदळला. हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्याला पोचा आला, पण ते सुखरूप उतरलं. ड्रोनचा एक तुकडा हेलिकॉप्टरमध्ये अडकून राहिला होता. त्यावरच्या सीरियल नंबरवरून तपास अधिकारी मालकापर्यंत पोहोचले, आणि ते येईपर्यंत आपला ड्रोन कशाला धडकला हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. ड्रोन त्याच्यापासून सुमारे चार किलोमीटर दूर होता. सिग्नल गेला, ड्रोन परत आला नाही, कुठेतरी पाण्यात पडला असेल अशी त्याची समजूत. तीन आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, कॅनडातल्या क्यूबेक सिटीच्या विमानतळावर उतरणाऱ्या एका छोट्या प्रवासी विमानाच्या पंखाला ड्रोन लागला. विमान सुखरूप उतरलं. पण ड्रोन सापडला नाही आणि उडवणाराही कळला नाही.

पहिल्या घटनेतला माणूस तुमच्या ‘गुन्हेगार विरुद्ध सज्जन’ या विभागणीत कुठे बसतो, ते सांगा. त्याचा कुणाला इजा करायचा हेतू नव्हता. तो फक्त हौसेखातर उडवत होता, आणि त्या भागात त्या दिवशी तात्पुरती उड्डाणबंदी आहे हे त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. आपल्या छंदात अपघात करणारी माणसं बहुतांशी अशीच असतात: चांगली, उत्साही, आणि काय घडलं याचा पत्ता नसलेली. पतंगाचा दोर हातात असतो, क्रिकेटचा चेंडू कुणाच्या काचेवर गेला ते दिसतं. ड्रोन मात्र नजरेआड जाऊन, तुम्हाला काहीही न कळता, कुणाच्या तरी डोक्यावर पडू शकतो. बॅटरी दगा देते, प्रोपेलर सुटतो, ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येण्याची, उंची चुकीची ठेवलेली असते. अशा वेळी पडलेल्या ड्रोनपासून त्याच्या माणसापर्यंत जाणारी वाट असावी, एवढंच माझं मागणं आहे. जो मुद्दाम विमानतळावर ड्रोन सोडतो त्याच्यासाठी पोलीस आहेत, शोधयंत्रणा आहे. नोंदणीकडून ते काम मी मागतच नाही, तेव्हा ते होत नाही म्हणून तिला नापासही करत नाही.

यावर तुम्ही लगेच म्हणाल, आणि तसं म्हणणं रास्त आहे, की ब्लॅक हॉकच्या प्रकरणात माणूस नोंदणीमुळे सापडला नाही, ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीच्या नोंदींमुळे सापडला. अगदी खरं. पण त्यातून काय निघतं ते बघा. तयार ड्रोन घेऊन ॲपमध्ये खातं उघडलंत, त्या क्षणी तुमचं नाव आणि तुमच्या ड्रोनचा क्रमांक एका खासगी कंपनीकडे एकत्र जाऊन बसतो. यादी आहेच. ती कुणाच्या हाती आहे, किती काळ राहते, कुणाला दाखवली जाते, यावर तुमचा-माझा काडीचाही ताबा नाही. कायद्याने बांधलेली, मर्यादित माहितीची यादी मला त्यापेक्षा परवडते. आणि ज्याने फ्रेम, मोटर, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचं उड्डाण सांभाळणारा बोर्ड) वेगवेगळीकडून आणून घरी सोल्डर करून ड्रोन बांधला, त्याच्याबाबतीत तर ही कंपनीची वाटही नाही. एफपीव्ही, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं दृश्य चष्म्यात बघत, उडवणाऱ्या आपल्या मंडळींचे सगळ्यात वेगवान ड्रोन नेमके असेच असतात. त्यांच्यावर क्रमांक नसेल तर पडलेला ड्रोन म्हणजे नुसता कार्बन फायबरचा सांगाडा.

रेडिओवर चालणाऱ्या विमानांचा इतिहास तुम्ही सांगितलात तो मलाही प्रिय आहे. पण त्या मंडळींनी क्रमांक लावले नाहीत, असं नाही. अमेरिकेत मॉडेल विमानवाल्यांची संघटना १९३६ पासून आहे आणि तिच्या सुरक्षा-नियमांत विमानावर मालकाची ओळख लिहिण्याची अट सरकारी नोंदणीच्या कितीतरी आधीपासून होती: नाव-पत्ता, नाहीतर सदस्य क्रमांक. शिवाय ते विमान उडवायला शिकायचं तर क्लबात जावं लागे, जुन्या हातांकडून शिव्या खाव्या लागत, मैदान ठरलेलं असे. ती शिस्त क्लब लावत. आजचा ड्रोन खोक्यातून काढून दहा मिनिटांत हवेत जातो, जीपीएसच्या जोरावर स्वतःच स्थिर राहतो, आणि उडवणाऱ्याची कुणाशी गाठ पडत नाही. जे क्लबात आहेत त्यांची नोंद संघटनेमार्फतच धरावी, त्यांना दुसऱ्यांदा रांगेत उभं करू नये, हे मात्र मी तुमच्याइतक्याच जोराने म्हणेन.

२५० ग्रॅमचं थोडक्यात सांगतो. ती रेषा हवेतून आलेली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत उद्योग आणि हौशी संघटनांच्या प्रतिनिधींचा एक कार्यगट नेमला होता. डोक्यावर सुमारे ८० जूल ऊर्जेने वस्तू आदळली तर मृत्यूची शक्यता ३० टक्के, हे गृहीत धरून त्यांनी पडण्याच्या वेगावरून वजन काढलं. पाव किलोची वस्तू सेकंदाला २५ मीटर वेगाने आली की हिशेब साधारण तिथेच येतो. गणित ढोबळ आहे, त्यात माणसावर पडणाऱ्या ड्रोनचा विचार आहे, विमानाच्या इंजिनात शिरणाऱ्या ड्रोनचा नाही. तरीही कॅनडा, चीन, युरोप सगळ्यांनी ती कमी-अधिक फरकाने उचलली; युरोपने कॅमेरा असलेल्या हलक्या ड्रोनलाही नोंदणीत घेतलं, खेळणी सोडून. जपानने तर २०२२ मध्ये रेषा १०० ग्रॅमवर आणली. मला जपानची रेषा फार कडक वाटते.

आता न्यायालय. मे २०१७ च्या टेलर विरुद्ध हुएर्टा या निकालात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हौशी ड्रोनची नोंदणी रद्द केली हे बरोबर. कारण असं, की २०१२ च्या कायद्याने विमान प्रशासनाला मॉडेल विमानांबाबत नवे नियम करायला मनाई केली होती. नोंदणी निरुपयोगी आहे किंवा अन्यायकारक आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. तुम्हाला हा अधिकार नाही, एवढंच म्हणालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेने तो अधिकार दिला आणि नोंदणी परत आली. मधल्या काळातली एक गोष्ट मला मोलाची वाटते: ज्यांनी मागितलं त्यांची नोंद पुसून शुल्क परत देण्याची सोय प्रशासनाने केली होती. म्हणजे ठरवलं तर नोंद पुसता येते. छंद सोडलेल्या माणसाला हा हक्क प्रत्येक देशाच्या नियमात लिहून मिळायला हवा.

पाळतीचा मुद्दा सगळ्यात गंभीर, आणि इथे तुमची भीती मी उडवून लावणार नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या करू या, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्या एकात एक मिसळल्या आहेत. नोंदणी म्हणजे कुठेतरी एका वहीत नाव आणि क्रमांक. ड्रोन पडेपर्यंत, काही घडेपर्यंत ती वही उघडण्याचं कारण नाही. रिमोट आयडी ही निराळी व्यवस्था आहे: उडत असताना ड्रोन स्वतःचा क्रमांक, जागा, उंची आणि उडवणारा कुठे उभा आहे हे रेडिओवरून सतत जाहीर करत राहतो. अमेरिकेत १६ मार्च २०२४ पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी होते. नाव-पत्ता त्यात जात नाही, पण जवळपासचा कुणीही साध्या मोबाईल ॲपवर तुम्ही कुठे उभे आहात ते पाहू शकतो. एकटीच मोकळ्या मैदानावर उडवणारी मुलगी, आणि ड्रोनवर चिडलेला एखादा तिऱ्हाईत, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणला की माझाही जीव धास्तावतो. नजरेच्या टप्प्यात, कमी उंचीवर, हौसेने उडवणाऱ्याला उभ्या जागेचं प्रक्षेपण सक्तीचं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये त्याविरुद्धचा दावा तिथल्या न्यायालयात टिकला नाही, तरी माझं मत बदललेलं नाही. पण या रागापायी साध्या नोंदणीला विरोध केला तर आपण चुकीच्या दारावर धक्के मारत बसतो. यादी गुप्त ठेवा, तपासाशिवाय ती उघडू नका, कुणी उघडली याची नोंद ठेवा, हे मागण्यात आपली ताकद खर्च व्हायला हवी.

नोंदणी कशाची करायची यावरही भांडायला हवं. अमेरिकेत हौशी माणसाला एकच क्रमांक मिळतो आणि तो त्याच्या सगळ्या ड्रोनवर चालतो. युरोपातही नोंद उडवणाऱ्याची होते, ड्रोनची नाही. भारताच्या २०२१ च्या नियमांत प्रत्येक ड्रोनला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि तो फ्लाइट कंट्रोलर मॉड्यूलच्या नंबरशी जोडलेला. मॉड्यूल बदललं की कळवायचं. विकत घेतलेला ड्रोन शेतात फवारणीला वापरणाऱ्याला हे जमेल. ज्याच्या टेबलावर दर महिन्याला एक बोर्ड जळतो आणि दुसरा बसतो, त्याला हे सांभाळणं अवघड आहे, आणि जे सांभाळणं अवघड ते लोक गुपचूप टाळतात. माणसाची नोंद करा, क्रमांक एकच द्या, तो फ्रेमवर लिहू द्या. माझ्या मते हौशी माणसाकडून एवढंच मागावं. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून व्यावसायिक ड्रोनची नोंदणी सक्तीची केली आणि हौशींना बाहेर ठेवलं. ती वाट तुम्हाला आवडेल, मला नाही, कारण पडणारा ड्रोन पैशासाठी उडत होता की आनंदासाठी, याने खालच्या माणसाला फरक पडत नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिने स्वतःच्या हाताने छोटा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) बांधला आहे, हे वाचून फार आनंद झाला. तिला कुठल्याही सरकारी अर्जावर सही करायला लागू नये, याबाबत तुमच्या-माझ्यात तसूभरही फरक नाही. ब्रिटनमध्ये ऑपरेटर म्हणून नोंद १८ वर्षांवरच्या व्यक्तीचीच होते. मूल लहान असेल तर आई-वडील जबाबदारी घेतात आणि मूल सोप्या ऑनलाइन चाचणीने उडवणारा म्हणून आपली ओळख मिळवतं. अमेरिकेत नोंदणीचं किमान वय १३ आहे, त्याखालच्यांसाठी मोठ्या माणसाने नोंद करायची. हे मला योग्य वाटतं. तिचा क्वाड १०० ग्रॅमच्या आत आणि बिनकॅमेऱ्याचा असेल तर बहुतेक ठिकाणी यातलं काहीच लागू होणार नाही. तो मोठा होईल तेव्हा नोंद तुमच्या नावाची असू द्या, आणि क्रमांक मोटरच्या बाहूवर न लिहिता मधल्या प्लेटवर लिहा, कारण आदळल्यावर बाहू सगळ्यात आधी तुटतात.