शाळेची फाइल बाईंच्या मोबाइलमध्ये नको

शिक्षकांना नवे तंत्रज्ञान नकोच असते, असे नागपूरच्या नातेवाइकांशी बोलताना हमखास ऐकू येते. दुसऱ्या बाजूला शिक्षकांची घोषणा असते, ‘आम्हाला शिकवू द्या’. माझी मोठी बहीण नागपूरहून अप-डाउन करून कुही तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मी डेन्मार्कमध्ये राहतो आणि माझी मुलगी इथल्या नगरपालिकेच्या शाळेत जाते. दोन्हीकडचे बघून माझे मत पक्के झाले आहे. ऑनलाइन साधने शिक्षकांना शिकवायची कशी, हे नंतर बघता येईल. ते खाते आणि त्यातली जागा कोणाच्या मालकीची, हे आधी ठरले पाहिजे.

आज ताईच्या शाळेचे अर्धे दप्तर तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये आणि स्वतःच्या जीमेलवर आहे. पोषण आहाराचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती, जातीचे दाखले, पासबुकाचे पहिले पान, चाचणीचे गुण, सगळे तिथेच. ग्रुपवर लिंक येते, खाली लिहिलेले असते, ‘आज पाचपर्यंत माहिती भरावी’. गुगलच्या वैयक्तिक खात्यात फुकट जागा 15 जीबी, आणि 1 जून 2021 पासून गुगल फोटोजवर चढणारे नवे फोटोही त्यातच मोजले जातात. जागा भरली की ताई घरच्या लग्नाचे व्हिडिओ पुसते, नाहीतर पगारातून पैसे भरून जागा वाढवते. नवीन ॲप शीक म्हटले तर ती म्हणते, “काहून शिकू? तेही माझ्याच मोबाइलमध्ये येऊन बसन. मी आधीच फोटो काढून राहिली दिवसभर.”

शाळेचे लोखंडी कपाट बाईंच्या घरी नेऊन ठेवा आणि भाडेही त्यांनीच भरा, असे कोणी सांगितले असते तर गावाने ऐकून घेतले नसते. मोबाइलच्या बाबतीत हेच आपण वर्षानुवर्षे चालवून घेतो आहोत. म्हणून ताईच्या नकाराला मी आळस म्हणत नाही. त्या नकारात मला न्याय दिसतो.

संगणक आपल्या शिक्षकांच्या आयुष्यात कसा आला, हेही आठवावे. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा 31 डिसेंबर 2007 पर्यंत पास व्हा, नाहीतर वेतनवाढीवर गदा, अशी ती ओळख होती. मुदत हुकलेल्यांच्या मागे वसुलीचा ससेमिरा लागला आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. पुढे 2015 मध्ये शाळांची आणि विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे ‘सरल’ पोर्टल आले, 2017 मध्ये ऑनलाइन पाठांचे ‘दीक्षा’ आले. दीक्षा मला मनापासून चांगले वाटते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड उघडून दाखवला की ताईच्या वर्गातली मुले पुढे सरकून बसतात. वर्गात उपयोग दिसला ते तिने कोणी न सांगता शिकून घेतले.

इथे डेन्मार्कमध्ये शिक्षकाला कामाचे खाते नोकरी देणारी नगरपालिकाच देते. शिक्षक शाळा सोडून गेला की खाते बंद होते आणि फाइली शाळेकडे राहतात. पालकांशी संपर्क 2019 पासून ‘आउला’ नावाच्या देशभराच्या एकाच व्यासपीठावर होतो. मुलीचा फोटो वापरायचा की नाही, याची संमती आम्ही तिथे नोंदवतो. नाजूक कागद उघडताना शिक्षकाला साध्या पासवर्डवर भागत नाही, दुसऱ्यांदा ओळख पटवावी लागते. अनेक शाळांमध्ये त्याच शाळेतला एखादा शिक्षक सहकाऱ्यांना या साधनांसाठी मदत करतो, आणि त्यासाठी त्याचे तास वेगळे काढलेले असतात. मला सगळ्यात मोलाचे हेच वाटते. स्टाफरूममध्ये शेजारी बसून ‘हे असे कर’ म्हणणारा माणूस.

डेन्मार्कला सगळे पहिल्यापासून जमले, असे मुळीच नाही. कोपनहेगनच्या उत्तरेला हेलसिंगोर नावाचे गाव आहे. तिथल्या एका वडिलांनी 2019 मध्ये तक्रार केली, की शाळेने दिलेल्या गुगल खात्यामुळे आपल्या मुलाचे नाव यूट्यूबवर उघड झाले. प्रकरण वाढत गेले आणि जुलै 2022 मध्ये डेटा संरक्षण यंत्रणेने त्या नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुक (गुगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) आणि गुगलची शालेय साधने वापरण्यावर बंदी घातली. नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर असताना! ती बंदी लवकरच तात्पुरती उठवावी लागली, पण जानेवारी 2024 मध्ये 53 नगरपालिकांना मुलांच्या माहितीचा व्यवहार कायद्यात बसवण्याचा आदेश निघाला. आधी यंत्रे वाटली, प्रश्न नंतर विचारले, त्याची ही किंमत होती. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला असून त्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे. तरीही कुहीतल्या मुलाचा आधार क्रमांक ग्रुपवरून ग्रुपवर फिरतो. त्या मुलाचे आईवडील शेतमजूर असतील, तक्रार करणार नाहीत, म्हणून त्याची माहिती कमी मोलाची ठरत नाही. याची मला चीड येते.

‘तो छोटा श्रीमंत देश, आपल्याला कसे जमणार’ हे उत्तर मला ठाऊक आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साधारण 60 लाख आहे. एकट्या नागपूर जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 46 लाखांहून जास्त होती. म्हणजे जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने मनावर घेतले तर आवाका तेवढाच आहे. पैशांचा फरक खरा आहे, वर्गातल्या पटाचा फरकही खरा आहे. पण शाळांसाठीच्या गुगल खात्यांची मूळ आवृत्ती मोफत असते, आणि राज्य सरकारने ऑगस्ट 2020 मध्येच गुगलबरोबर त्याची घोषणा केली होती. अडते ते वेळेपाशी आणि माणसापाशी. पासवर्ड विसरला तर फोन कोणाला करायचा, एवढ्या एका प्रश्नापाशी शाळेची कितीतरी खाती न वापरता पडून राहतात.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एका उत्साही शिक्षिकेचे काही तास कमी करून तिच्याकडे हे काम लेखी द्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी एक तास हाताने करून बघण्याला ठेवा. आधी फक्त शाळेच्या खात्यावर फाइल ठेवणे आणि ती कोण बघू शकेल हे ठरवणे, एवढेच शिकवा. पाठाचे व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग, चाचण्या नंतर येऊ द्या. हे मे महिन्यात करू नका. नागपूरच्या उन्हात, पंखा बंद पडलेल्या सभागृहात माणूस काही शिकत नाही. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यानंतरचे पहिले दोन महिने यासाठी धरा.

आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना किल्ल्या, साठा नोंदवही, जनरल रजिस्टर यांची यादी होते, तिच्यावर दोघांच्या सह्या होतात. त्याच यादीत शाळेच्या ड्राइव्हची एक ओळ वाढवा. जुन्या बाईंचे नाव तिथून काढले, नव्या बाईंचे घातले, आणि मुलांचे सगळे कागद जुन्या बाईंच्या मोबाइलमधून त्यांच्यासमोर पुसले, अशी.