ती गाडी आधी खाली ठेवा

घरी आलेल्या माणसाचे आदरातिथ्य करण्यात आम्ही कधी कमी पडलेलो नाही. चहा होतो, पोहे होतात, जेवणाच्या वेळी आलेल्याला आग्रहाने पान वाढले जाते. माझी अपेक्षा एवढीच असते की बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाचे दार कोणी न विचारता उघडू नये, आणि उघडलेच तर आतली मोटार उचलून कडेवरच्या दोन वर्षांच्या पोराच्या हातात देऊ नये. एवढीशी अपेक्षासुद्धा आमच्या सांगलीत अवास्तव ठरते, हे वर्षानुवर्षे पाहून आता माझा संयम संपला आहे.

मी किटमधून, म्हणजे डब्यात येणाऱ्या प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून, मोटारींची मॉडेल्स तयार करतो. त्यांतली बहुतेक १/२४ प्रमाणातली आहेत, म्हणजे खऱ्या गाडीचे प्रत्येक माप चोविसाने भागलेले असते. या भागाकारातून काय उरते, ते गाडी उचलणाऱ्याने एकदा तरी समजून घ्यावे. ६० सेंटिमीटरचा वायपर इथे २५ मिलिमीटरचा होतो आणि त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. स्पार्क प्लगची ८ मिलिमीटर जाडीची वायर इथे मिलिमीटरच्या एक तृतीयांश इतकी बारीक होते, आणि ज्या किटमध्ये इंजिन असते तिथे ती डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला सुईएवढ्या ड्रिलने भोके पाडून एकेक करून बसवावी लागते. सीटबेल्टची बक्कल रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यातून कापायची, चिमट्यात धरायची आणि तिच्यातून फीत ओवायची असते. खिडकीभोवतीची चकचकीत पट्टी म्हणजे पाठीला गोंद असलेला धातूचा अत्यंत पातळ वर्ख असतो, जो नखाच्या एका ओरखड्याने उचकटतो. अशा वस्तूभोवती माणूस पाची बोटांची मूठ आवळतो आणि वर मलाच ऐकवतो, "अहो, ल्हान पोर आहे, बघू द्या की जरा, काय होतंय त्याला?"

काय होते ते सांगतो. टोयोटा २००० जीटी ही माझी अत्यंत आवडती गाडी आहे. १९६५ च्या टोकियो मोटार शोमध्ये ती प्रथम लोकांसमोर आली आणि तिचे उत्पादन १९६७ ते १९७० एवढाच काळ चालले. सगळ्या मिळून साडेतीनशेच्या आसपास गाड्या तयार झाल्या. खरी गाडी ४,१७५ मिलिमीटर लांब आहे, त्यामुळे हासेगावा या जपानी कंपनीच्या किटमधून तयार होणारी गाडी साधारण साडेसतरा सेंटिमीटरची भरते. तिचे आरसे दारांवर नाहीत, पुढच्या मडगार्डवर बारीक दांड्यांवर उभे आहेत, कारण जपानमध्ये दारावरच्या आरशांना १९८३ साली परवानगी मिळाली आणि तोवर तिथल्या गाड्यांचे आरसे पुढेच असत. तिच्या लाकडी डॅशबोर्डामागे यामाहाच्या वाद्यनिर्मितीतले लाकूडकाम आहे. त्या लाकडाचे रेषारेषांचे पोत उतरवण्यासाठी मी आधी फिकट तपकिरी रंग दिला, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने गडद तैलरंग ओढला, तो पूर्ण वाळल्यावर पारदर्शक नारिंगी रंगाचा हात दिला, आणि हे सारे दोन बोटांत मावणाऱ्या तुकड्यावर भिंग लावून केले.

दिवाळीत नात्यातल्या एका गृहस्थांनी ती गाडी बॉनेटवरून मूठ घालून उचलली. डावा आरसा दांडीसकट तुटला. मी स्वयंपाकघरातून फराळाचे ताट घेऊन येईपर्यंत त्यांनी आमच्याच खणातले फेविक्विक शोधून काढून तो आरसा परस्पर चिकटवला होता आणि माझ्या लक्षात येऊ नये म्हणून गाडीची ती बाजू भिंतीकडे करून ठेवली होती. तोडले त्याचा राग एक वेळ गिळला असता. पण जे काम आपल्याला कळत नाही त्यात हात घालायचा, वर ते झाकून ठेवायचे आणि शांतपणे चकली खात बसायचे, याला काय म्हणावे? तांबड्या रंगावर गोंदाचा ओघळ सुकून रंग सुरकुतला होता. पुढची काच त्या गोंदाच्या वाफेने धुरकटली होती, आणि ती पुसून निघत नाही, कारण वाफेतला गोंद काचेच्या पृष्ठभागावर पांढऱ्या थराने घट्ट बसतो. मी बोललो तेव्हा उत्तर आले, "चिकटवलंय की नीट. एवढं काय त्यात?"

त्यात एवढे असे आहे की मॉडेलमधल्या प्रत्येक सांध्याचा गोंद वेगळा असतो आणि तो विचार करून निवडलेला असतो. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचे प्लास्टिक, त्याच्या दोन उघड्या तुकड्यांना लागणारा 'सिमेंट' नावाचा पातळ गोंद त्या प्लास्टिकला थोडेसे विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतो. सांगाडा आणि सस्पेन्शन त्यानेच जोडतात. पण रंगावर किंवा क्रोमच्या मुलाम्यावर तो चालत नाही, तिथे आधी रंग आणि मुलामा खरवडून प्लास्टिक उघडे करावे लागते. हेडलाइटच्या काचा, खिडक्या आणि रंग पूर्ण झाल्यावर शेवटी बसवायचे आरसे यांना पारदर्शक सुकणारा पांढरा गोंद लावतात, जो काच खराब करत नाही, पण ज्याची पकडही फारशी नसते. हा सांधा पाहण्यासाठी केलेला आहे, ओढण्यासाठी नाही. "इतकं कच्चं कसं बसवलंय?" असे विचारणाऱ्याला हे समजावून सांगायला माझी ना नाही, माझा आक्षेप एवढाच की हा प्रश्न तोडण्याच्या आधी विचारावा.

रंगाची कहाणी याहून संतापजनक आहे. बॉडीवरच्या साच्याच्या रेषा घासून काढायच्या, प्रायमर द्यायचा, त्यात दिसलेले दोष पुन्हा घासायचे, मग रंगाचे पातळ थर, मग डेकल म्हणजे चिकटवायची चित्रे, मग क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, मग लॅकर पुरते आक्रसून कडक होईपर्यंत कित्येक दिवस नुसते थांबायचे, आणि त्यानंतर २००० नंबरच्या आणि त्याहून बारीक पाणकागदाने घासून कंपाउंडने चकाकी आणायची. पावसाळ्यात हे करता येत नाही. रंगातले द्रावक भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंगाला दुधट झाक येते. म्हणून सांगलीत लॅकरचे काम मी दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर हाती घेतो. म्हणजे नेमक्या दिवाळीत, घर माणसांनी भरलेले असते तेव्हा, गाड्यांवरचा रंग कोवळा असतो, आणि लाडवाच्या तुपाने माखलेला अंगठा त्यावर उमटला की तो ठसा पुसला जात नाही, रंगाच्या अंगात बसतो. तेवढ्या जागेला रंग लावून भागत नाही, कारण नव्या रंगाची कड जुन्या रंगावर दिसत राहते. बहुधा पूर्ण बॉडी उतरवून मूळ प्लास्टिकपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्यासाठीचे साहित्यही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले रंग पातळ करायचे एन.सी. थिनर या प्लास्टिकला खाऊन टाकते, आणि मॉडेलसाठीचे लॅकर व स्प्रेचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या टपालातून येत नाहीत, त्यांची वाट पाहावी लागते.

मला खरी चीड येते ती या दुटप्पीपणाची. हेच गृहस्थ आपली खरी गाडी विश्रामबागेत सावली शोधून लावतात, तिच्यावर कापडी कव्हर घालतात आणि गल्लीतले एखादे पोर बॉनेटला टेकून उभे राहिले तर सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्याला हाकलतात. शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये नुकता रंग मारलेला दरवाजा वाळत असेल तर त्याला बोट लावायची त्यांची हिंमत होणार नाही. रंग तोच, कष्ट तसेच, उलट माझ्याकडे चुकीला जागा चोवीस पटींनी कमी. पण माझ्या गाडीला पेट्रोल लागत नाही म्हणून ती कोणाच्याही हाती जायला मोकळी.

आणि हे घडते कुठे, तर मिरजेपासून हाकेच्या अंतरावर. एकोणिसाव्या शतकात शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी जिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, त्या गावाचे हे शेजारी. वाळवलेल्या भोपळ्यावर पॉलिशचे हात चढत असताना त्या कारखान्यात जाऊन कोणी भोपळ्यावर बोटे वाजवून पाहतो का? कारागीर घोडीवर जवारी काढत, म्हणजे तारांखालची पट्टी झंकारासाठी घासत, बसलेला असताना कोणी तार ओढून "बघू तरी" म्हणतो का? तिथे आपण चपला बाहेर काढतो, हात मागे बांधतो आणि हळू बोलतो, कारण एका केसाच्या फरकाने काय बिघडते ते आपल्याला ठाऊक असते. हाताच्या कामाची कदर करणे या माणसांना शिकवायला नको; ते त्यांना उत्तम येते. माझ्या कपाटापाशी आल्यावर मात्र त्यांना त्याची आठवण राहत नाही.

मग येतात ते ठरलेले प्रश्न. रिमोट कुठे आहे? चालत नाही, मग उपयोग काय? बाजारात दीडशे रुपयांना अशी मिळते, मग एवढे महिने का घालवायचे? सर्वांत जिवाला लागणारे वाक्य असे असते: "तुमच्याकडं एवढ्या आहेत, एक द्या की आमच्या बाळाला." नाही म्हटले की मी कंजूस, मी लहान मुलांचा राग करणारा. त्या बाळाच्या हातून पहिल्याच दिवशी वायपर तोंडात जाईल, पितळी पत्र्याची धार लागेल, हे त्याच्या आईवडिलांना सुचू नये याचे मला आश्चर्य वाटते. घरात मला कोणी साथ द्यावी तर तिथेही, "जाऊ दे, पाहुण्यांपुढं तमाशा नको" असेच ऐकावे लागते.

सरकारी हिशेबातही या किटची गत अशीच आहे. सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकाखाली प्रमाणबद्ध मॉडेल्स ही बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींच्या पंगतीत बसतात. स्वस्त परदेशी खेळण्यांना आळा घालण्यासाठी २०२० च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. धोरणामागचे कारण मी नाकारत नाही. पण जपानमधून येणाऱ्या ज्या किटसारखे काहीही मला सांगली-मिरजेच्या दुकानांत मिळत नाही, तो मला त्यामुळे किती महाग पडतो हे गाडी जमिनीवर घर्र करून ओढणाऱ्या पोराच्या वडिलांनी लक्षात घ्यावे. शिवाय हे किट सतत तयार होत नाहीत. एक खेप निघते, संपते, पुढची कधी निघेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे "भरून देतो हो पैसे" हे वाक्य कितीही मोठ्या मनाने उच्चारले तरी माझ्या कामाचे नसते. मला पैसे नकोत, तो डावा आरसा हवा आहे.

मुलांवर माझा राग नाही, हे मी मनापासून लिहितो. आमच्याच इमारतीतली एक शाळकरी मुलगी येते, काचेला नाक लावून एकेक गाडी बघते आणि या गाडीच्या चाकाला सहा नट आणि त्या गाडीच्या चाकाला चारच का, असे विचारते. तिला कोणी शिकवले नव्हते, तरी तिने कधी दाराला हात लावला नाही. तिला मी निपर या छोट्या पकडीने प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीतून भाग कसे सोडवायचे ते दाखवले आहे, आणि भागापासून थोडे लांब कापून उरलेला खुंट नंतर पाणकागदाने काढायचा, हे ती आता माझ्याइतके नीट करते. बेशिस्त मोठ्या माणसांची आहे. पोराच्या रडण्याला दुसऱ्याच्या घरातली वस्तू हा हुकमी उपाय आहे असे त्यांनीच ठरवून टाकले आहे.

आता कपाटाला कुलूप लावले आहे. त्यावरूनही बोलणी झाली, नात्यातल्या माणसांवर विश्वास नाही का, असे विचारले गेले. विचारोत. ज्याला गाडी पाहायची असेल त्याने सांगावे. मी स्वतः ती तिच्या लाकडी पाटीसकट बाहेर काढीन, दिव्याखाली धरून चारी बाजूंनी दाखवीन, हवे तर भिंग देईन आणि डॅशबोर्डवरची लाकडाची रेषा न् रेषा समजावून सांगेन. किल्ली मात्र माझ्या खिशात राहील.