टनाखालचे सुख

युरोपात राहून ऑनलाइन दुकान चालवण्याचा आपला निश्चय झाला असेल, तर मनःपूर्वक अभिनंदन. मुलांच्या खोलीतले एक कपाट रिकामे झाले आहे, दुकानाचे नाव ठरले आहे, भारतातल्या आणि चीनमधल्या पुरवठादारांनी प्रत्येक प्रश्नाला होकार दिला आहे आणि म्युनिकच्या किंवा आइंडहोव्हनच्या तिसऱ्या मजल्यावर पहिली खोकी येऊन पडली आहेत. त्यांत कानातली आहेत, पितळी समया आहेत, चपला आहेत, सुगंधी तेलाच्या बाटल्या आहेत. अशा मंगल प्रसंगी, प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतो तसा एक जाणकार स्नेही आपल्याला हमखास बाजूला घेईल आणि विचारेल, "रीचचं काय केलंस?" त्याच्या प्रश्नाने विचलित होऊ नये. पुढील सल्ला विनामूल्य आहे. त्याची किंमत आपल्याला यथावकाश कळेलच.

रीच हा युरोपीय संघाचा रसायनांविषयीचा कायदा. तो डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला, १ जून २००७ पासून लागू झाला आणि त्याचा कारभार पाहणारी युरोपीय रसायन संस्था फिनलंडमधल्या हेलसिंकीत बसते. नोंदणी, मूल्यमापन, परवानगी आणि निर्बंध अशी चार कामे त्याच्या नावातच दडलेली आहेत. चारही वाचत बसण्याइतकी सवड उद्योजकाला नसते, म्हणून आपण पहिले तेवढे वाचावे. तिथे आपल्याला हवे ते वाक्य सापडेल: एखादा पदार्थ एका आयातदाराने वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक आणला, तरच त्याची नोंदणी लागते. एक टन! आपली कानातली, समया, चपला आणि त्यांची खोकी असे सारे एकत्र तोलले, तरी काटा तिथवर जायचा नाही. शिवाय तयार वस्तूतल्या पदार्थाची नोंदणी मुळात तो वस्तूतून मुद्दाम बाहेर सोडायचा असेल तरच लागते, आणि कानातल्यांतून आपण मुद्दाम काहीच सोडत नाही. जे सुटते ते आपसूक. येथे कायदा मिटून ठेवावा. मोठमोठ्या कारखान्यांनी २०१०, २०१३ आणि २०१८ अशा तीन मुदतींत एकवीस हजारांहून अधिक पदार्थांची कागदपत्रे हेलसिंकीला धाडली, चाचण्यांवर पैसा ओतला, आणि आपण एका वाक्याच्या बळावर सुटलात. या कायद्यात एका कलमाचा मथळाच 'माहिती नाही तर बाजार नाही' असा आहे. टनाखालच्या माणसाने तो 'माहिती नाही तेच बरे' असा वाचावा.

स्नेही हट्टाला पेटला, तर तो सांगेल की चौथ्या कामाला, म्हणजे निर्बंधांना, टनाची अट नाही. एकच जोड विकला तरी ते लागू होतात. तो आकडेही फेकेल: टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या इतर दागिन्यांसाठी ही मर्यादा ०.५ आहे, दागिन्यात शिसे वजनाच्या ०.०५ टक्क्याहून कमी हवे आणि धातूतले कॅडमियम ०.०१ टक्क्याहून कमी. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपण स्वयंपाकघरातला काटा काढावा, त्यावर कानातले ठेवून आठवडाभर लक्ष ठेवावे आणि आकडा तसूभरही हलला नाही, हे स्नेह्याला दाखवावे. प्रयोगशाळेत म्हणे ही वस्तू कृत्रिम घामात सात दिवस बुडवून ठेवतात. ज्यांना खरा घाम गाळायची सवय नाही, त्यांचेच हे उद्योग.

समयांच्या बाबतीत थोडे अधिक धैर्य लागेल. कातकाम सोपे जावे म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसे घालण्याची रीत जुनी आहे, आणि २०१८ च्या जूनपासून शिसे युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे. ही यादी २००८ मध्ये अवघ्या पंधरा नावांनी सुरू झाली आणि आता अडीचशेच्या घरात पोहोचली आहे. साधारणपणे वर्षातून दोनदा ती वाढते, म्हणजे आपण दर दिवाळीला तोच माल मागवलात तरी तो कायद्याच्या नजरेत दर वेळी तोच असेल, याची शाश्वती नाही. यादीतला पदार्थ वस्तूत ०.१ टक्क्याहून जास्त असेल, तर आयातदाराने त्याची नोंद हेलसिंकीच्या स्किप नावाच्या माहितीसाठ्यात करायची असते, हे ५ जानेवारी २०२१ पासूनचे बंधन आहे. थेट ग्राहकाला विकणाऱ्या दुकानदाराला त्यातून सूट आहे खरी. आपण मात्र दुकानदारही आहात आणि आयातदारही, त्यामुळे कोणी विचारलेच तर त्या दिवसापुरते दुकानदार व्हावे. पूर्वी आणखी एक सोय होती: शिसे दांड्यात असले तरी टक्केवारी अख्ख्या समईच्या वजनावर काढता येते, असे म्हणणारे देश होते. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी ती मोडून काढली. आता तळ, दांडा, तबक आणि वरचा मोर या चौघांचा हिशेब वेगवेगळा. न्यायमूर्तींपुढे समई नव्हती, पण त्यांनी निकाल जणू ती उलगडत लिहिला आहे.

सुगंधी तेलांवर 'शंभर टक्के नैसर्गिक, रसायनविरहित' असे अवश्य छापावे. गंमत अशी की कायदा आपल्याला निम्मी साथ देतो: वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलेले तेल तो निसर्गात आढळणारा पदार्थ मानतो आणि नोंदणीतून वगळतो, मात्र ते घातक वर्गात मोडत नसेल तरच. अशी बहुतेक तेले मोडतात. काहींची त्वचेला ॲलर्जी होते, काही पिताना फुप्फुसात गेली तर जिवावर बेततात. ज्या कायद्याने पाणी आणि साखर यांना नोंदणीतून सूट आहे, हेही यादीत लिहून ठेवले, त्याच्याकडून लवंगेच्या तेलाला निरागस मानण्याची अपेक्षा कशी करावी? आपण अर्थात टनाखाली असल्याने नोंदणीचा प्रश्न तसाही नाही. प्रश्न आहे तो घातक मालाच्या लेबलांविषयीच्या २००८ च्या दुसऱ्या कायद्याचा, आणि त्यालाही टनाची अट नाही. तो म्हणतो की लाल चौकटीतली चिन्हे आणि सावधगिरीच्या सूचना ग्राहकाच्या देशाच्या भाषेत हव्यात, आणि दोन तेले मिसळून विकलीत तर धोक्याचा उल्लेख ऑनलाइन जाहिरातीतही हवा, कारण घरबसल्या विकत घेणाऱ्याला बाटली आधी हातात धरून पाहता येत नाही. यावर उपाय म्हणून जाहिरातीत कमळाचे छायाचित्र मोठे टाकावे.

चपलांचे तर इतके सोपे आहे की बोलू नये. अस्सल कोल्हापुरीचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले असते, त्यात क्रोमचे क्षार नसतात, त्यामुळे चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमचे घातक रूप, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवे, हा युरोपचा नियम तिला जाचत नाही. म्हणून ती घेऊ नये. निम्म्या दरात येणारी, क्रोमने कमावलेली, तशीच दिसणारी घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे प्रमाणपत्र. पुरवठादाराकडे 'रीच सर्टिफिकेट' मागावे. तो ते दहा मिनिटांत पाठवतो, आणि रात्री मागितले तर पाच. त्यावर गोल शिक्का असतो, बारा तारे असतात, सोनेरी किनार असते आणि खाली कुणाची तरी डौलदार सही. हेलसिंकीची संस्था वस्तूंना असे प्रमाणपत्र देतच नाही, ही गोष्ट स्नेह्याला ठाऊक असेल, पण ती बोलून दाखवण्याइतका तो असंस्कृत नसावा. कागद उघडून वाचू नये. वाचलात तर कदाचित असे दिसेल की तपासलेला नमुना प्लॅस्टिकची काळी नळी होता, चाचणी २०१४ सालची आहे, आणि यादीतले तेव्हाचे पदार्थ तेवढेच तपासले आहेत. न वाचलेल्या कागदाचे तेज काही निराळेच असते. तो रंगीत छापून मालाच्या छायाचित्रांत चौथ्या क्रमांकावर लावावा. पहिले तीन कानातल्यांचे असावेत.

जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याचे मार्गही आहेत. संघाबाहेरच्या उत्पादकाला संघात 'एकमेव प्रतिनिधी' नेमता येतो. तो आयातदाराच्या वाटची नोंदणी स्वतःवर घेतो. पण ही सोय माल बनवणाऱ्यासाठी आहे, नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी नाही, आणि आपला पुरवठादार माल कुठून उचलतो, हे त्यालाही दर वेळी सांगता येत नाही. त्यापेक्षा घरात खोकी आणूच नयेत आणि पार्सल परस्पर परदेशातून ग्राहकाच्या दारी पाठवावे. म्हणजे हानोव्हरमधली सत्तर वर्षांची आजी ज्या क्षणी बटण दाबते, त्या क्षणी आयातदाराचे पद तिच्याकडे जाते, असे आपण मनाशी धरून चालावे. तिला ते कळवू नये, उगाच काळजी करील. १३ डिसेंबर २०२४ पासून उत्पादन सुरक्षेच्या नव्या नियमाने अशा मालासाठी संघात कोणीतरी जबाबदार व्यक्ती असलीच पाहिजे आणि तिचे नाव-पत्ता मालावर हवा, असे बजावले आहे. नाव पुरवठादाराच्या मेव्हण्याचे द्यावे. पत्ता अर्थातच आपला पडेल, कारण युरोपात राहणारे आपणच.

तपासणीची धास्ती बाळगू नये. सदस्य देशांच्या निरीक्षकांनी ऑनलाइन विक्रीची एकत्रित पाहणी केली, तेव्हा निर्बंधांच्या कसोटीवर तपासलेल्या वस्तूंपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक नापास झाल्या. म्हणजे बहुमत आपल्या बाजूला आहे. हा माल सरसकट उचललेला नसून जिथे संशय होता तिथूनच मुख्यतः उचलला होता, हा तपशील सांगून स्नेही आपला आनंद नासवू पाहील. जर्मनीत काही निर्बंध मोडणे हा फौजदारी गुन्हा आहे, हेही तो त्याच दमात सांगेल. अशा वेळी त्याला चहा द्यावा.

राहता राहिला ग्राहक. कायद्याने त्याला विचारण्याचा हक्क दिला आहे: माझ्या वस्तूत यादीतला पदार्थ ०.१ टक्क्याहून जास्त आहे का? आणि असेल तर आपण ४५ दिवसांत, फुकट, उत्तर द्यायचे आहे. असे पत्र एक ना एक दिवस येईल. बहुधा ते जर्मनमध्ये असेल, सोबत कानाच्या पाळीचे छायाचित्र असेल, आणि पाळी लाल होऊन टरारलेली असेल. पहिले चव्वेचाळीस दिवस पत्र कपाटात ठेवावे. पंचेचाळिसाव्या दिवशी, रंगीत प्रमाणपत्र सोबत जोडून, अत्यंत सौजन्याने कळवावे की गेल्या संपूर्ण वर्षात आमची आयात एका टनापेक्षा पुष्कळच कमी होती.